भासऱ्याशी पयलं बोलनं

काल तुमची तेरवी झाली. पाव्हने सकाळच्या यष्टीनं गेले. शेजारच्या शंकरनं मांडवाचे बल्ले काढून नेले. आता घरात मी एकटीच हाओ, म्हनून बोलते.

तुमच्याशी मी कधी बोलली नाई. पन्नासच्या वर वर्सं एका घरात राह्यलो, एका चुलीचं खाल्लं, पन माह्या तोंडून तुमच्यासाठी एक शब्द सरळ गेला नाई, अन तुमच्या तोंडून माह्यासाठी आला नाई. भासरा म्हंजे नवऱ्याचा मोठा भाऊ. लहान भावाच्या बायकोनं त्याच्या समोर याचं नाई, त्याले शिवाचं नाई, त्याच्याशी बोलाचं नाई. लगनाच्या आधी माह्या मायनं मले सयपाक धड शिकवला नोहता, पन हे शिकवून धाडलं होतं.

तुमाले हाक काय मारू, थेच समजून नाई राह्यलं. गाव तुमाले फौजी म्हने. लेकरं मोठेबाबा म्हनत. माह्यापाशी तुमच्यासाठी शब्दच नाई. कोनी दारात येऊन इचारलं, घरी कोन हाये, तर मी म्हनत होती, घरचे मोठे हायेत. बस.

मी तुमाले पायावरून ओळखत होती. लगनात मान खाली होती माही. समोरून काळे बूट गेले, चकचकीत, अन माही बहीन कानात म्हने, "हा तुवा भासरा. बांगलादेशच्या लढाईतून आला. याचा एक कान गेला म्हनतेत." मले कान नाई दिसला. बूट दिसले. मंग पुढं सारी उमर मी त्याच पायाले पानी ठेवलं, त्याच पायासमोर थाळी सरकवली. डाव्या अंगठ्याले नख नाई, टाचेले मोठी भेग, पावसाळ्यात थी पांढरी पडे. तुमच्या तोंडापेक्षा तुमच्या टाचा मले जास्त माहीत.

आंगनात याच्या आधी तुमी दोनदा खोकलत होते. खोकला नोहता थो. मी येऊन राह्यलो, पदर घे, आत हो, असा निरोप होता थो. धान रोवन्याच्या दिवसात चिखलानं भरलेले, थकलेले आले तरी खोकल्याबिगर पाय आत टाकला नाई. फौजेतली सवय, लोकं म्हनत. मले माहीत होतं, थी माह्यासाठी होती.

तुमा दोघं नवरा-बायकोले लेकरू नाई झालं. तुमचं काई असलं की तुमी जाऊबाईले सांगत, जाऊबाई मले सांगे. मंग माहे अशोक अन सिंधू बोलाले लागले, तर निरोप त्यायच्या तोंडून. मंग अशोकनं नागभीडले दुकान टाकलं, सिंधू पोंभुर्ण्याकडं नांदाले गेली, जाऊबाई वारल्या. राह्यलो आपन दोघं अन एक मांजर.

तुमी बाहेर सपरीत खाटेवर, मी चुलीपाशी, मधात दार, अन दारात मांजर.

"मांजरे, सांग तिले, वरनात मीठ नाई."

"मांजरे, सांग त्यायले, डागदरनं बंद केलं हाये."

"मांजरे, डागदर काय इथी जेवाले बसते काय?"

"मांजरे, म्हनावं, मीठच खाचं होतं तर बीपी कायले वाढवला."

मांजर उठून उंदरामांगं गेली की आपलं भांडन तिथीच थांबे. थी आली की पुन्हा सुरू. सिंधू एकदा माहेरी आली होती, पोट धरून हासली. म्हने, "आई, ही मांजर मेली त तुमी दोघं उपाशी मरसान." तुमी सपरीतून म्हनलं, "पोरी, तुह्या मायले सांग, हासाले काय लावलं." मी तर हासली नोहती. पदरात तोंड होतं माहं. तुमाले कसं समजलं, कोन जाने.

लढाईचं तुमी घरात कधी सांगतलं नाई. झेंड्याच्या दिवशी शाळेत कोट घालून जात होते, मास्तरनं काई इचारलं की मान हालवत होते, अन लाडू घेऊन घरी येत होते. लाडू लेकराले. एकदा सिंधूले शाळेतून लिवून आनाले सांगतलं होतं, आमच्या गावचा जवान म्हनून. थी तुमच्या खाटेवर चढून बसली, पाटी घेऊन. मी आत धान पाखडून राह्यली होती. सूप थांबवलं मी.

"मोठेबाबा, तुमी बंदूक चालवली?"

"चालवली वो. पन फावडं जास्त चालवलं. फौजेत मानूस जास्त करून माती खोदते अन वाट पाह्यते."

"हे नाई लिवत. मोठं काई सांगा."

 मंग तुमी सांगतलं. तिकडंबी धानाच्या बांध्या, आपल्यासारख्याच. एका बांधीत तुमच्याच पलटनीतला एक जन पडला होता, पोटात लागलं होतं, पानी मांगून राह्यला होता. सायबाचा हुकूम होता, कोनी जागचं हालाचं नाई. "मी हाललो नाई," तुमी म्हनलं. "दुपारपावतर आवाज होता."

"मंग?"

"मंग नोहता."

सिंधू पाटीकडं पाहत राह्यली. तुमी म्हनलं, "लिव. आमचा देश जिंकला, असं लिव."

हे मी आतून आयकलं. सूप हातात तसंच. त्या रोजपासून मले वाटे, या मानसाले मी माही गोष्ट सांगू शकते. हा समजून घेईन. पन सांगाची कशी. तोंड उघडाचं नोहतं.

आता उघडते. पयले माही गोष्ट सांगते, मंग तुमची.

चैताचा महिना होता, मोहाची फुलं येचाचे दिवस. तुमाले पेन्शनीत येऊन दोन वर्सं झाले असतीन. अशोक पाच वर्साचा, सिंधू नुकतीच अंगावरून सुटली होती. अशोकचे बाबा उजाडाच्या आधी टोपलं घेऊन निंघाले. जाता जाता मले म्हनलं, "आज पहाडीकडं जातो. नाल्याकडचा मोह सरत आला." मी हो म्हनलं. त्यायच्याशीबी मी जास्त बोलत नोहती तवा, घरात सासू असे.

त्या दिवशी सासू अन जाऊबाई लेकरं घेऊन कुरखेड्याच्या बाजाराले गेल्या. न्याहारीच्या येळेपावतर मोह येचून मानूस घरी येते. थे नाई आले. ऊन डोक्यावर आलं, तरी नाई. मी भात मांडला. जीव दारात लागला होता.

तुमी कुंपन बांधत होते. दोनदा खोकलले. मी दाराच्या पल्ल्यामांगं झाली. तुमी आंगनात उभं राहून, कोनाकडंच न पाह्यता म्हनलं, "लहान्या कोनीकडं गेला मोहाले?"

सांगाले घरात कोनी नाई. एक लेकरू असतं, तर त्याच्या तोंडून सांगतलं असतं. मी हात बाहेर काढला. आपल्या फाटकातून निंघालं की डावीकडं पहाडीची वाट, उजवीकडं नाल्याची. मले डावीकडं दाखवाचं होतं. पन दाराचा डावा पल्ला लागलेला, मी त्याच्याच मांगं उभी, हात डावीकडं वळेचना. कोपर पल्ल्याले अडला. हात उजवीकडंच निंघाला, बांगड्यासकट. अन तुमी घडीभर पाह्यलं अन मान फिरवली. लहान भावाच्या बायकोच्या हाताकडं भासरा जास्त येळ पाह्यत नाई.

तुमी कुऱ्हाड घेतली, फाटकातून निंघाले, अन उजवीकडं वळले.

मी फटीतून पाह्यलं. धावतच आंगनात आली. डोक्यावरचा पदर खाली पडला, थो उचलाचीबी सुद नाई राह्यली. तुमी शेजारच्या भागाबाईच्या कुंपनापाशी होते, तीस-चाळीस पावलं. एक हाक पुरली असती. "अवो" म्हनलं असतं तरी पुरलं असतं. मी तोंड उघडलं. आवाज आला नाई. कोनी धरला नोहता गळा माहा. आवाज आलाच नाई.

मंग मी आतून पितळची थाली आनली अन पळी घेऊन वाजवली. जोरानं वाजवली. पक्ष्याले हाकलाले वाजवते तशी. तुमी थांबले. मले वाटलं, आयकलं, आता वळतीन. तुमी कुऱ्हाड एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली अन समोर गेले.

मी मनाले म्हनलं, लढाईत कान गेला हाये, नाई आयकाले आलं. मनाले म्हनलं, नाल्यावर नाई सापडले की पहाडीकडं जातीनच. आतून भाताचा वास आला. मी आत गेली. भात उतरवला. करपून जाईन म्हनून.

थे मी आयुष्यभर पाहून राह्यली. थे पाह्यते मी. माहे हात भाताचा गंज उतरवत हायेत, काळजीनं, फडक्यात धरून.

उतरत्या उन्हाले तुमी आले. त्या दिवशी तुमी खोकलले नाई. पाठीवर अशोकचे बाबा होते. तिकडं लढाईत मानसाले जसं उचलत असतीन तसं उचललं होतं तुमी त्यायले, दोन्ही हात गळ्यातून समोर वढून. अस्वलीनं मोहाच्या झाडाखाली धरलं होतं. तुमच्या सदऱ्यावर मांगून सारं रगत. सपरीत ठेवलं तवा जीव होता. पानी मांगतलं. मी पानी आनलं, पन तुमी त्यायचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, म्हनून मी पदर हनुवटीपावतर ओढलेला. अंदाजानं पाजलं. शेवटल्या घडीलेबी मी माह्या मानसाचं तोंड धड पाह्यलं नाई.

बंडी जुंपेपावतर थे गेले.

कोनीतरी म्हनलं, दोन घंटे आधी सापडला असता तर कुरखेड्याच्या दवाखान्यात पोचला असता. बाजारातून आलेली सासू तुमच्या छातीवर मुठी मारून राह्यली होती. "पहाडीकडं होता त तू नाल्याकडं काऊन गेला? कोनं सांगतलं तुले नाल्याकडं?"

मी दारामांगं. हात तोंडावर.

तुमी म्हनलं, "कोनी नाई सांगतलं. माह्या मनानं गेलो. मले वाटलं तिकडं असन."

तिथी मी बोलाले पायजे होतं. हात माहा होता, म्हनाले पायजे होतं. नाई बोलली. पंचवीस वर्साची होती, दोन लेकरं. बोलली असती तर इनंच नवरा खाल्ला म्हनून घराबाहेर काढलं असतं, हे भेव होतं. भेव खरं होतं. पन भेव तुमाले नोहतं काय? तुमी तर आंगावर घेतलं, अन मी घेऊ देलं.

सासू त्यानंतर सोळा वर्सं जगली. तुमाले वाढता वाढता म्हने, "एवढ्या मोठ्या मुलखात रस्ता सापडला याले, घरची पहाडी नाई सापडली." तुमी मान खाली घालून जेवत होते. गावातल्या टवाळ पोट्ट्यायनं तुमाले नाव ठेवलं, नाल्याचा फौजी. कोट घालून तुमी शाळेत निंघाले की पारावरून कोनीतरी म्हनत होतं, "फौजी, सांभाळून जा गा, शाळा डावीकडं हाये." तुमी आयकत होते. मी आतून आयकत होती. लढाई करून आलेला मानूस, त्याले उजवं-डावं शिकवत होते, अन मी आत बसून लसून सोलत होती.

अशोकले तुमी शिकवलं. सिंधूले ताप आला तवा भरल्या नाल्यातून खांद्यावर नेलं. तिच्या लगनात बापाच्या जागी उभे राह्यले. दहाजन म्हनले, एवढं तर सख्खा बाप करत नाई. मी थे आयकत होती अन मनात म्हनत होती, हा मानूस माह्या हाताचं भोगून राह्यला, अन माह्याच लेकराले पोसून राह्यला.

असं समजत होती मी. चाळीसच्या वर वर्सं असंच समजत होती.

या सालच्या हिवाळ्यात तुमी खाटेवर पडले थे उठलेच नाई. अशोक म्हने, नागभीडले चला. तुमी नाई म्हनलं. शंकर सकाळी येऊन तुमचं आंग पुसून देये, कूस बदलून देये. बाकी दिवसभर आपन दोघंच. मांजर पावसाळ्यातच मेली होती. मी पेज आनून दारात ठेवत होती, वाटी काठीनं सरकवत होती खाटेपावतर. तुमी आडवे पडून पीत होते. सांडत होतं. तरी मी जवळ आली नाई. एवढी शिकवन पक्की माह्या मायची.

जायच्या दोन दिवस आधी, दुपारी, मी वाटी ठेवून वळली तर तुमी बोलले. मांजर नाई म्हनून भिताडाले बोलले.

"भिताडा, तिले सांग."

मी थांबली.

"सांग, थ्या दिवशी मले थाली आयकाले आली होती. डावा कान चांगला हाये माहा."

मी दाराचा उंबरठा पकडला.

"मी थांबलो बी. समजलं मले, काई चुकलं म्हनून थी बलावून राह्यली. पन घरी कोनी नोहतं. थी आंगनात होती. वळलो असतो तर." मंग खोकला आला तुमाले, खरा खोकला. मंग म्हनलं, "वळलो नाई. तिचा हात चुकला नाई, भिताडा. मी चुकलो. थे तिले सांग."

मले बोलाले पायजे होतं. भिताडाले तरी. मी वाटी उचलली, वाडीत गेली अन वालाच्या शेंगा तोडत बसली. कवळ्या शेंगाबी तोडल्या. टोपलं भरलं तरी तोडतच होती.

दुसऱ्या दिवशी तुमी भिताडाले काई नाई म्हनलं. वाट पाहत होते, समजत होतं मले. दारात सावली पडली की तुमचे पाय हालत होते. मी पेज ठेवून जात होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तुमचा हात खाटेखाली लोंबला. मी दारात होती. हात उचलून वर ठेवाचा होता, पन मी शिवली नाई. शंकरले हाक माराले गेली. शंकरले हाक माराले आवाज निंघाला, पाहा. गल्लीभर गेला.

तिरडीवर तुमचं तोंड मी पयल्यांदा सरळ पाह्यलं. तवा कोनी मले अडवलं नाई, मेलेल्याचं पाह्यतेत सारे. अन मी पाह्यतच राह्यली. बायकायले वाटलं, बुढी भासऱ्यासाठी लय रडून राह्यली. थे तसं नोहतं. तुमचं तोंड तर अशोकच्या बाबाचं होतं. तेच नाक, तीच भुवई मधात जुळलेली. थे म्हातारे झाले असते तर असेच दिसले असते. एवढी वर्सं थे तोंड बाजूच्या खाटेवर होतं, अन मी टाचा पाहत होती.

खरं सांगू, मले राग आला. अजून हाये. चाळीसच्या वर वर्सं मी एकटीनं ओढलं थे. तुमाले आयकाले नाई आलं, माही हाक निंघाली नाई, सारं माहं, असं म्हनून रोज भात उतरवला. अन तुमाले माहीत होतं. सांगाचं होतं तर मांजर होती की. वरनातल्या मिठासाठी मांजर होती, यासाठी नोहती? लढाईत तुमाले सायबाचा हुकूम होता, कोनी हालाचं नाई. आपल्याले कोनाचा हुकूम होता? थो साहेब कुठी हाये, मले दाखवा.

अन दुसरं एक खात होतं मले या तेरा दिवसात. हे सारं, अशोकचं शिक्षन, सिंधूचं लगन, हे तुमी पाप धुवाले केलं काय? भाऊ गेला म्हनून त्याचे लेकरं सांभाळले, एवढंच काय? मले थे माहीत पायजे होतं. तुमी तर गेले.

मंग सिंधूनं दहाव्याच्या दिवशी एक गोष्ट काढली. बायका बसल्या होत्या, थी म्हने, मोठेबाबा अन मी आजीच्या मडक्यातला गूळ चोरत होतो. मले माहीत नोहतं हे. म्हने, मी आत जात होती, थे दारात पहारा देत होते, फौजेसारखे, हात मांगं बांधून. आजी आली की मोठ्यानं म्हनत होते, "कोन हाये?" अन आजी म्हने, "मी हाओ मेल्या, माह्याच घरात मले इचारते." एकदा आजीनं मडकं पाह्यलं. "गूळ कोनं खाल्ला?" "मांजरीनं." "मांजर गूळ खाते काय गा फौजी?" "आपली खाते, माय. फौजीची मांजर हाये." अन तुमच्या मिशीले गूळ लागलेला.

बायका हासल्या. मीबी हासली, सुतकाच्या घरात. पाप धुनारा मानूस गूळ चोरत नाई. तेवढं मले पुरलं.

पन गावात तुमी अजून नाल्याचे फौजीच होते. मयतीच्या दिवशीबी मी आयकलं, एक जन दुसऱ्याले म्हने, बिचारा, भावाले नाई वाचवू शकला. हे मले तसंच जाऊ द्याचं नोहतं. म्हनून काल, पंगत बसाच्या आधी, मी सपरीत येऊन उभी राह्यली. मानसांसमोर. डोक्यावर पदर होता, तोंडावर नोहता.

म्हनलं, "फौजी त्यायच्या मनानं नाल्याकडं नाई गेले. मी हात दाखवला. हात चुकला. थे चुकीच्या वाटेनं जाताना मले दिसत होते, अन मी हाक नाई मारली. थाली वाजवली, हाक नाई मारली. सोळा वर्सं सासूचं त्यायनं आयकलं, गावाचं जलमभर आयकलं, थे माह्यासाठी."

तुमची गोष्ट नाई सांगतली तिथी. थे तुमी भिताडाले सांगतलं होतं, लोकायले नाई. इथी मात्र सांगून राह्यली, तुमाले न इचारता. रागावसान तर रागवा.

 मंग भाऊबंदकीतला म्हातारा म्हने, "आता कायले उकरतेस वो बाई. दोघंबी गेले." भागाबाई कोपऱ्यात बसली होती, तिले आता नीट दिसत नाई. थी म्हने, "थाली तर मीबी आयकली होती थ्या दिवशी. मले वाटलं, लेकरू वाजवून राह्यलं." शंकरची माय म्हने, मीबी. म्हंजे सारी गल्ली आयकून राह्यली होती.

अशोक उठून वाडीत गेला. लय येळ उभा होता तिकडं, पाठ करून. मले वाटलं, हा आता बोलनार नाई माह्याशी. मंग आला, पंगतीत बसला, अन भाऊबंदकीतल्या त्याच्या लहान चुलतभावाची बायको पदर ओढून दारामांगून भाताचं टोपलं सरकवत होती, तर तिले म्हने, "पोरी, समोर ये. तोंडानं इचार, भात पायजे काय." थी घाबरली. माह्याकडं पाह्यलं तिनं. मी म्हनलं, "इचार." थी एवढ्याशा आवाजात म्हने, "भाऊजी, भात वाढू?" अशोक म्हने, "वाढ."

आता दुपार झाली. आज आंगनात खोकला आयकाले आला मले. खरोखर आला, दोनदा, तुमी खोकलत होते तसा. मी पदर घेऊन आत गेली, दारामांगं उभी राह्यली. मंग समजलं, कोनी नाई. बाहेर आली. मंग पुन्हा आला. आता मी आत जात नाई. सपरीतच बसली हाओ, तुमच्या खाटेसमोर, डोकं उघडं ठेवून, अन तुमाले जबाब देते, जो त्या दिवशी देला नाई.

तुमी म्हनलं, वळलो असतो तर. अन खोकलले, अन पुढचं सांगतलंच नाई. पुढचं मी सांगते. मी तेरा दिवस थेच पाहून राह्यली. गल्लीत कोनी नोहतं. ऊन होतं. तुमी वळले असते तर मी दिसली असती तुमाले, पदर पडलेली, हातात थाली. तुमी मले दिसले असते. मले शरम वाटली असती, तुमालेबी. मी मान खाली घालून हात डावीकडं केला असता. तुमी हो म्हनून मान हालवली असती.

मंग तुमी पहाडीकडं गेले असते.